अनुदानाची यादी चावडीवर यावी



भोर आणि वेल्हे हे दोन्ही तालुके भाताचे. राजगड, तोरणा, रोहिडा या गडांच्या पायथ्याशी, नीरा, वेळवंडी, गुंजवणी या नद्यांच्या खोऱ्यांत पिढ्यान् पिढ्या भाताची खाचरे बांधली गेली. वरच्या उतारावर नाचणी आणि वरई, खालच्या खाचरात भात, अशी येथील शेतीची रचना आहे. वेल्हे तालुक्याला २०२५ मध्ये राजगड हे नाव मिळाले; शेतीची रीत मात्र तीच राहिली. कापूस हे येथील पीक नव्हे. असे असताना कापूस उत्पादकांना मिळणाऱ्या शासकीय अर्थसाहाय्याचा विचार या मावळात का करावयाचा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर सरळ आहे. शेतकऱ्याच्या हाती शासनाचा पैसा कसा पोहोचतो, वाटेत कोठे अडतो आणि तो पोहोचला की नाही हे गावाला कसे कळते, याचा सर्वात मोठा आणि सर्वात जुना अनुभव महाराष्ट्रात कापसाच्या पिकानेच दिला आहे. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश येथील शेतकऱ्यांनी जे सोसले आणि त्यातून शासनयंत्रणा जे शिकली, ते भाताच्या खोऱ्यालाही उपयोगी पडणारे आहे.

भोरच्या भूमीला या विषयाचा एक जुना वारसाही आहे. भोर हे पंत सचिवांचे संस्थान. १९४८ मध्ये ते विलीन होऊन त्याचा हा भाग पुणे जिल्ह्यात समाविष्ट झाला. अष्टप्रधान मंडळातील सचिव म्हणजेच सुरनीस. राजपत्रांतील मजकूर तपासून शुद्ध करणे आणि महाल-परगण्यांचा हिशेब पाहणे ही त्यांची जबाबदारी होती. हिशेब तपासणाऱ्या पदाच्या नावाने जो मुलूख ओळखला गेला, त्या मुलुखात सार्वजनिक पैशाच्या हिशेबाची चर्चा व्हावी, हे उचितच होय.

कापसाचा चुकारा : जुना अनुभव

१९७१ च्या अधिनियमाच्या आधारे राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. १९७२-७३ च्या हंगामापासून शेतकऱ्याने आपला कापूस शासनाच्या संकलन केंद्रावर आणावयाचा, तेथे त्याचे वजन व प्रतवारी व्हावयाची आणि ठरलेल्या भावाने चुकारा मिळावयाचा, अशी ती व्यवस्था होती. व्यापाऱ्याच्या अडवणुकीतून कापूस उत्पादकाची सुटका करावी, हा तिचा हेतू होता. पहिली काही दशके या योजनेने लाखो शेतकऱ्यांना हमीभावाचा आधार दिला. पुढे तोटा वाढत गेला आणि २००२ च्या सुमारास एकाधिकार सैल होऊन खाजगी खरेदीला वाट मिळाली.

या योजनेच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे तिच्या एकाच अंगाकडे लक्ष वेधावयाचे आहे. चुकारा एका हप्त्यात मिळत नसे. हमीभावाची रक्कम वेगळी, नंतर जाहीर होणारा बोनस वेगळा, आणि भांडवल निर्मिती निधीसाठी होणारी कपात वेगळी. संकलन केंद्रावर कापूस घालून बैलगाडी परत नेणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पावती असे; परंतु त्या पावतीवरील आकडा आणि अखेरीस मिळालेली रक्कम यांचा मेळ त्याला सहज बसविता येत नसे. प्रतवारीत दर्जा का उतरला, कपात कशाची झाली, उरलेला हप्ता केव्हा मिळणार, या प्रश्नांची उत्तरे कार्यालयातील कागदांत होती. गावात ती नव्हती. जेथे हिशेब दिसत नाही तेथे शंका वाढते, आणि शंका वाढली की प्रामाणिकपणे काम करणारा प्रतवारीकारही संशयातून सुटत नाही.

बोंडअळी आणि तीन रकाने

याहून बोलके उदाहरण २०१७ सालचे आहे. त्या खरीप हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातील कापसाचे प्रचंड नुकसान केले. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात शासनाने मदत जाहीर केली. कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये आणि बागायती कापसाला हेक्टरी ३७,५०० रुपये हे आकडे गावोगाव पोहोचले आणि शेतकऱ्यांच्या मनात कायमचे बसले.

परंतु ही रक्कम एका तिजोरीतून येणार नव्हती. कोरडवाहू कापसाच्या ३०,८०० रुपयांत तीन भाग होते. आपत्ती निवारणाच्या निकषांनुसार शासनाकडून ६,८०० रुपये, पीक विम्यातून ८,००० रुपये आणि बियाणे कंपन्यांकडून १६,००० रुपये. बागायती कापसासाठी पहिला भाग १३,५०० रुपये होता. उरलेले दोन तेच. यांपैकी शासनाच्या थेट हातात होता तो पहिला भाग. विम्याची रक्कम ज्याने विमा उतरविला आणि ज्याच्या मंडळात उत्पन्न ठरलेल्या पातळीखाली गेले, त्यालाच मिळणार. बियाणे कंपन्यांची भरपाई तर २००९ च्या कापूस बियाणे कायद्याखालील तक्रार, पाहणी आणि निर्णय या प्रक्रियेवर अवलंबून. त्यामुळे ज्या शेतकऱ्याच्या खात्यात हेक्टरी ६,८०० रुपये जमा झाले, त्याने साहजिकच विचारले की उरलेले २४,००० कोठे गेले?

या प्रश्नात अप्रामाणिकपणाचा आरोप असेलच असे नाही. ज्या गावात यादी लागली, पण त्या यादीत तीन रकाने नव्हते, तेथे हा प्रश्न तलाठ्यावर आदळला, आणि त्याचे उत्तर तलाठ्याकडेही नव्हते. जाहीर केलेली रक्कम, तिचे घटक, प्रत्येक घटक देणारा कोण आणि तो मिळण्याची अट काय, एवढे एका कागदावर मराठीत लिहून चावडीवर लावले असते, तर शेतकऱ्याला निदान कोणाकडे दाद मागावयाची हे तरी कळले असते. अर्थसाहाय्याची पारदर्शकता म्हणजे केवळ नावांची यादी नव्हे. रक्कम कशी बनली, हेही तिच्यात दिसले पाहिजे.

सामाईक खात्याचा प्रश्न

२०२३ च्या खरीप हंगामातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांसाठी शासनाने २०२४ मध्ये अर्थसाहाय्य जाहीर केले. वीस आरपेक्षा कमी क्षेत्र असलेल्यास सरसकट १,००० रुपये आणि त्याहून अधिक क्षेत्रास हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, असा दर होता. कापसासाठी १,५४८ कोटी ३४ लाख आणि सोयाबीनसाठी २,६४६ कोटी ३४ लाख, मिळून ४,१९४ कोटी ६८ लाख रुपयांची तरतूद झाली. दर सोपा होता, हिशेब कोणालाही करता येण्याजोगा होता, आणि रक्कम थेट बँक खात्यात जाणार होती.

तरीही गावपातळीवर काम अडले ते दोन कागदांपाशी. आधारविषयक माहिती वापरू देण्याचे संमतीपत्र प्रत्येकाकडून घ्यावे लागले. आणि जमीन सामाईक असेल तेथे इतर खातेदारांचे ना हरकत पत्र आणून रक्कम एकाच्या खात्यावर घ्यावी लागली. कृषी सहायक घरोघर फिरले. ज्याचे भाऊ गावातच होते त्याचे काम एका दिवसात झाले. ज्याचे भाऊ दूर शहरात होते, किंवा ज्या घरात वाटणीचा वाद होता, त्याची रक्कम मागे राहिली.

येथे भोर आणि वेल्हे यांचा संबंध सरळ येतो. या डोंगरी मुलुखात सामाईक सातबारा ही नित्याची गोष्ट आहे. खाचरे लहान, वाटण्या पुष्कळ आणि कुटुंबातील कर्ती माणसे पुण्या-मुंबईला नोकरीत. गाव सोडलेल्यांची नावे उताऱ्यावर राहतात आणि प्रत्यक्ष चिखलणी करून आवण लावणाऱ्या भावजयीचे नाव त्यावर नसते. पती वारल्यानंतर वारस नोंद वेळेवर झाली नसेल, तर ती स्त्री शेती करते, नुकसान सोसते, परंतु शासनाच्या यादीत ती अस्तित्वातच नसते.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, पंचेचाळीस आर खाचराच्या सातबाऱ्यावर नऊ खातेदार आहेत आणि कापणीच्या वेळच्या पावसाने भात आडवे पडून कुजले. २०२२-२३ पासूनच्या केंद्रीय निकषांप्रमाणे, नुकसान तेहेतीस टक्क्यांहून अधिक असल्यास जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये धरले, तर या खाचराची मदत होते ३,८२५ रुपये. ही रक्कम नऊजणांत वाटली जाणार, की कसणाऱ्या एकाला मिळणार? पंचनाम्यात नाव कोणाचे लागले? पीक पाहणीत भात नोंदला होता, की जमीन पड दाखविली होती? रक्कम लहान आहे. परंतु पुढच्या हंगामाचे बी आणि खत त्या रकमेवर येते. रक्कम लहान म्हणून तिचा हिशेबही लहान, असे मानता येणार नाही.

ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद करण्याचे काम शेतकऱ्याच्या हाती आले. हा बदल चांगला आहे. तथापि डोंगराआडच्या वाडीत जेथे मोबाईलला रेंज मिळणे कठीण, तेथील वृद्ध शेतकऱ्याची नोंद राहून गेली, तर पुढच्या प्रत्येक यादीतून तो आपोआप वगळला जातो. चूक ऑगस्टमध्ये होते आणि ती कळते जानेवारीत, पैसे आले नाहीत म्हणजे. मधल्या पाच महिन्यांत ती दुरुस्त होण्याची एकच वाट आहे. नोंद झालेल्यांची यादी वेळेवर गावासमोर वाचली गेली पाहिजे.

कायदा काय सांगतो

माहितीच्या अधिकारासाठी महाराष्ट्रात मोठी चळवळ झाली. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा त्यात मोठा वाटा होता. राज्याचा २००२ चा कायदा झाला आणि नंतर केंद्राचा २००५ चा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः अंमलात आला. हा कायदा म्हणजे अर्ज करून माहिती मागण्याचा कायदा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. त्याच्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर, कोणी न मागताही, काही माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. त्या माहितीत अर्थसाहाय्याच्या कार्यक्रमांचा उल्लेख स्पष्टपणे आला आहे. असा कार्यक्रम कसा राबविला जातो, त्यासाठी किती रक्कम ठेवली आणि त्याचे लाभधारक कोण, हा तपशील प्रसिद्ध करावयाचा आहे. याच कलमात पुढे म्हटले आहे की ही माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वात परिणामकारक ठरेल अशा मार्गाने लोकांपर्यंत न्यावी. सूचना फलक आणि जाहीर घोषणा यांचाही त्यात समावेश आहे. म्हणजे गावची दवंडी आणि चावडीवरचा फलक यांना कायद्यानेच स्थान दिले आहे.

चावडीवाचनाची प्रथा महसूल खात्याला नवी नाही. २०१७ च्या कर्जमाफीच्या वेळी अर्जदारांच्या याद्यांचे गावोगाव चावडीवाचन करण्यात आले. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत एक पाऊल पुढे टाकले गेले. फेब्रुवारी २०२० पासून विशिष्ट क्रमांकासह याद्या गावात आणि बँकेत लावल्या गेल्या. शेतकऱ्याने आपल्या नावापुढील रक्कम पाहावयाची, ती मान्य असेल तर आधार प्रमाणीकरण करावयाचे, मान्य नसेल तर तक्रार नोंदवावयाची आणि त्यानंतरच रक्कम वर्ग व्हावयाची. आधी यादी, मग पडताळणी, मग पैसा. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण पैसा गेल्यानंतर लावलेली यादी चूक दाखविते, परंतु ती सुधारण्यास फारसा उपयोग होत नाही.

उघड काय, झाकलेले काय

याद्या उघड्या करण्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. गाव लहान असते. कोणाला किती मिळाले हे फलकावर आले की भाऊबंदकी वाढते, सावकार दारात येतो, असे म्हटले जाते.

हा प्रश्न परदेशांनाही पडला. अमेरिकेत २००१ मध्ये एका स्वयंसेवी संस्थेने माहितीच्या कायद्याखाली मिळविलेल्या नोंदींवरून शेतकरी अनुदानाच्या याद्या जनतेसमोर मांडल्या, तेव्हा रकमेचा मोठा वाटा थोड्या मोठ्या शेतकऱ्यांकडे जातो हे उघड झाले. त्याच देशाच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २००५ मध्ये अपिलातही ब्राझीलची बाजू मुख्यतः मान्य झाली. युरोपात मात्र दुसरी बाजू पुढे आली. तेथे अनुदान घेणाऱ्या सर्वांची नावे प्रसिद्ध होत असताना जर्मनीतील शेतकऱ्यांनी दाद मागितली, आणि ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की रक्कम किती याचा विचार न करता प्रत्येक व्यक्तीचे नाव छापणे हे हेतूच्या मानाने अधिक आहे. २०१३ मध्ये तेथे नवे नियम झाले. मोठ्या रकमा घेणाऱ्यांची नावे पुन्हा उघड झाली आणि लहान रकमा घेणाऱ्यांची नावे वगळण्याची सोय ठेवली गेली. पारदर्शकता आणि खाजगीपणा यांत एकाचा बळी देण्याची गरज नाही, मर्यादा विचारपूर्वक आखावयाची असते, एवढे त्यातून घेण्याजोगे आहे.

आपल्याकडे ही मर्यादा बरीच स्पष्ट आहे. २०१६ च्या आधार कायद्याप्रमाणे कोणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे लावता येत नाही. बँक खाते क्रमांक आणि मोबाईल क्रमांक फलकावर येण्याचे कारणच नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील खाजगी माहितीविषयक तरतूद बदलली. परंतु अर्थसाहाय्याच्या लाभधारकांचा तपशील प्रसिद्ध करण्याविषयी कलम ४ मधील शब्द त्या दुरुस्तीने बदललेले नाहीत. नाव, गट क्रमांक, पीक, क्षेत्र आणि रक्कम हा सार्वजनिक पैशाचा हिशेब आहे. आधार, खाते, दूरध्वनी आणि घरातील आजारपण वा कर्ज ही त्या माणसाची स्वतःची बाब आहे. पहिल्या गोष्टी उघड असाव्यात, दुसऱ्या कटाक्षाने झाकलेल्या असाव्यात.

ज्यांना रक्कम मिळाली नाही त्यांच्याबाबत अधिक काळजी घ्यावी. किती अर्ज मागे राहिले आणि कोणत्या कारणाने, याची संख्या ग्रामसभेत वाचावी. ज्याचे त्याचे कारण मात्र त्याला स्वतंत्र चिठ्ठीने कळवावे. खाते आधारशी जोडलेले नाही, वारस नोंद नाही, सहखातेदाराचे ना हरकत पत्र नाही, पीक पाहणी नाही, अशी चार कारणे जरी वेगळी मोजली, तरी गावाला आपले अडलेले काम कोठे आहे ते कळते.

कोणी काय करावे

कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हावयाच्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना त्या भरविण्याचा प्रघात आहे. भाताच्या हंगामाशी या तारखांची सांगड सहज बसते. १५ ऑगस्टला आवण लावून झालेले असते आणि पीक पाहणी चालू असते. त्या सभेत ती कशी करावयाची हे सांगावे. २ ऑक्टोबरला नोंदलेल्या पिकांची यादी वाचावी, म्हणजे राहिलेल्याला दुरुस्तीची मागणी वेळेवर करता येईल. परतीच्या पावसाने नुकसान झाले, तर महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत यांच्या संयुक्त पंचनाम्याची यादी वर पाठविण्यापूर्वी चावडीवर लावावी. २६ जानेवारीला मंजूर रकमांची आणि अडलेल्या अर्जांच्या संख्येची माहिती द्यावी. १ मेच्या सभेत वारस नोंदींचा आढावा घ्यावा. चाकरमानी उन्हाळ्यात गावी येतात, त्याच वेळी सहखातेदारांच्या सह्या मिळणे सोपे असते.

शासनाच्या अधिकाऱ्यांनी यादी देताना तिच्यावर योजनेचे नाव, शासन निर्णयाची तारीख, हेक्टरी दर, क्षेत्राची कमाल मर्यादा आणि तक्रार स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचे पद लिहावे. रक्कम अनेक ठिकाणांहून येणार असेल तर प्रत्येकासाठी वेगळा रकाना ठेवावा. बोंडअळीच्या वर्षाचा तो धडा आहे. पंचायत सदस्यांनी आपल्या वॉर्डातील यादी वाडीवर नेऊन वाचावी. ग्रामपंचायतीच्या कार्यालयाला लावलेला कागद डोंगरावरच्या वस्तीला दिसत नाही. महिला सभेत उताऱ्यावर नाव नसलेल्या कसणाऱ्या स्त्रियांची विचारपूस करावी.

शिक्षकांचे काम याहून निराळे आणि तितकेच मोलाचे आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांची खरी यादी वर्गात नेऊ नये. परंतु हेक्टर, आर आणि गुंठे यांचे गणित, दर व क्षेत्र यांचा गुणाकार, सातबाऱ्यातील रकाने, ही उदाहरणे कल्पित नावांनी मुलांना जरूर सोडवून घ्यावीत. ज्या घरातील मुलीला पंचेचाळीस आरांचे ८,५०० रुपयांच्या दराने किती होतात हे सांगता येते, त्या घराला फलकावरील आकडा बरोबर की चूक हे विचारण्यासाठी दुसऱ्याकडे जावे लागत नाही.

कापसाच्या मुलुखात शेतकऱ्याने पावती हाती घेऊन वर्षानुवर्षे विचारले की कपात कशाची झाली आणि उरलेला हप्ता केव्हा मिळणार. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यात कसणारी विधवा तोच प्रश्न हळू आवाजात विचारते. तिच्या प्रश्नाचे उत्तर तालुक्याच्या कचेरीत असून पुरत नाही. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पीक नोंदीची यादी मोठ्याने वाचली जावी, तिच्यात त्या स्त्रीच्या खाचराचे नाव आले की नाही ते पाहिले जावे, आणि आले नसेल तर त्याच दिवशी अर्ज लिहून द्यावा. या कामाला नव्या निधीची किंवा नव्या आदेशाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. सुरुवात प्रत्येक ग्रामपंचायत आपल्या चावडीपासून करू शकेल.